उष्टा धोटा आणि काचेचा टॉवर

मुंबईचा इतिहास लिहिणारे गिरण्यांवर लिहितात, संपावर लिहितात, जमिनीच्या भावावर लिहितात. धोट्याला लागलेल्या थुंकीवर फार थोडे लिहितात. आपल्याला मात्र तिथूनच सुरुवात केली पाहिजे. कारण लोअर परळला आज जे काचेचे टॉवर उभे राहतायत, त्यांच्या पायाखाली ती थुंकी गाडलेली आहे.

मी कोण ते आधी सांगतो. मी भिवंडीला मागावर काम करतो. बारा तासांची पाळी, जेवढं कापड निघेल तेवढी मजुरी. आमच्याकडे कारखान्याला कुणी गिरणी म्हणत नाही, लूम म्हणतात. पण मी स्वतःला गिरणी कामगारच म्हणवतो. माझा आजा डिलाईल रोडच्या एका गिरणीत रिंग खात्यात होता आणि आमच्या घरात गिरणी हा शब्द अजून मेलेला नाही. शाळा माझी लवकर सुटली. जे वाचलं ते वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कपाटातलं, आणि पाळी सुटल्यावर. कविता करतो. हा लेख इतिहासाच्या प्राध्यापकाचा नाही, एका मागवाल्याचा आहे.

माझी आत्या अजून डिलाईल रोडच्या चाळीत राहते. तिच्या गॅलरीतून गेली तीन वर्षं मी एक टॉवर चढताना बघतोय. सुट्टीला गेलो की मजले मोजतो. त्या टॉवरचं नाव इथे लिहीत नाही. शेजारच्या कुठल्याही टॉवरचं नाव घाला, हकिगत फारशी बदलणार नाही.

आधी तिथे काय होतं ते बघू. १८५६ साली ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी सुरू झाली. मुंबईतली ती पहिली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी, सगळीकडे चिमण्या उभ्या राहिल्या. गिरणीची शेड तुम्ही फोटोत पाहिली असेल. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याच्या एका बाजूला काच असायची, आणि ती काच उत्तरेकडे तोंड करून. म्हणजे ऊन थेट आत येणार नाही, पण दिवसभर सारखा उजेड सुतावर पडेल, तुटलेला धागा कामगाराला दिसेल. काच तेव्हाही होती, मित्रांनो. ती कामासाठी होती. आत चाललेलं काम नीट दिसावं म्हणून होती. आजच्या टॉवरची काच बाहेरून आरशासारखी आहे. तिच्यात समोरची चाळ दिसते, वाळत घातलेले कपडे दिसतात, आत कोण काय करतंय ते दिसत नाही.

पण गिरणीतल्या त्या उजेडात सगळ्यांना सगळीकडे उभं राहता येत नव्हतं. आपल्या माणसांना रिंग खातं होतं, झाडलोट होती, कचऱ्यातली कामं होती. साचेखातं, म्हणजे जिथे प्रत्यक्ष कापड विणलं जातं ते खातं, आपल्याला बंद होतं. आणि पगार साचेखात्यात जास्त.

बंद का? कारण धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी बसवायची, आणि तिच्यावरच्या सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. बोट तिथे जात नाही. मग धोटा ओठाला लावायचा आणि श्वास आत खेचायचा. सूत ओठावर येतं, त्याच्याबरोबर कापसाची बारीक धूळ घशात जाते. असं पाळीत शेकडो वेळा. तोच धोटा दुसऱ्या पाळीचा कामगार तोंडाला लावणार. सवर्ण विणकरांचं म्हणणं, महाराचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. विटाळ होईल.

आता ह्यातली लबाडी बघा. साचेखात्यात येणारं सूत कुठून यायचं? रिंग खात्यातून. रिंग खात्यात कोण होतं? आपण. म्हणजे आपल्या बोटांतून निघालेलं, आपल्या घामाने ओलं झालेलं सूत विणकर दिवसभर स्वतःच्या तोंडात ओढत होता. तेव्हा विटाळ नव्हता! आपण त्याच्या शेजारी उभं राहून त्याच्याएवढा पगार मागू लागलो की मात्र विटाळ होता. हा धर्माचा प्रश्न असता तर विटाळ सुतालाही लागला असता. हा खात्याचा प्रश्न होता, पगाराचा प्रश्न होता, आणि त्याला देवाचं नाव दिलेलं होतं.

हे बाबासाहेबांनी ओळखलं. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने. संपाच्या पुढाऱ्यांनी १७ मागण्या मालकांपुढे ठेवल्या. बाबासाहेबांनी त्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितलं की अस्पृश्य कामगारांना गिरणीतली सगळी खाती खुली झाली पाहिजेत, साचेखात्यासकट, आणि ही मागणी घेणार नसाल तर आमच्या लोकांनी संपाला साथ का द्यावी? पुढाऱ्यांनी आढेवेढे घेतले, पण मागणी घ्यावी लागली. मालकांनी हात झटकले. त्यांचं म्हणणं, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. म्हणजे मालक कामगारांकडे बोट दाखवणार आणि सवर्ण कामगार धर्माकडे. आपण मधल्या मधे रिंग खात्यात.

दुसऱ्या वर्षी, १९२९ च्या संपाला, बाबासाहेबांनी विरोध केला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला, कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध, त्याच कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संपही केला. काही जणांना ह्यात उलटसुलट दिसतं. मला दिसत नाही. संप चांगला की वाईट हा त्यांचा प्रश्नच नव्हता. प्रश्न हा होता की मागण्यांच्या कागदावर आमची ओळ आहे की नाही.

एक गोष्ट इथे नीट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. १९२८ साली आपली ओळ त्या कागदावर लिहिता आली, कारण अन्यायाला पत्ता होता. खात्याचं नाव होतं, साचेखातं. दार होतं, त्या दारावर जॉबर होता. बोट दाखवून सांगता येत होतं की हे दार उघडा. मागणी लिहिली म्हणून दार लगेच उघडलं नाही हे खरं. पण मागणी कुणाकडे करायची हे तरी माहीत होतं.

मग काय झालं? १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, आणि माणसं विरत गेली. कोणी गावाला गेलं, कोणी भाजीची गाडी लावली. कापड मात्र थांबलं नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर निघू लागलं. तिथे गिरणीसारखी भक्कम युनियन नव्हती, भोंगा नव्हता. पुढे बंद पडलेल्या गिरण्यांची यंत्रं भंगाराच्या भावाने निघाली.

मी त्या भिवंडीत आहे. मला मागावर घेताना मालकाने जात विचारली नाही. बारा तास उभा राहशील का, एवढंच विचारलं. आमच्याकडे अजून धोट्याचे माग आहेत. घाईत तोंडाने सूत ओढणारेही आहेत. मीही ओढलंय. ज्या धोट्याला तोंड लावायची माझ्या आजाला बंदी होती तो धोटा मला विनासायास मिळाला. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तवा त्यात पैका होता बाबा. आता काय ऱ्हायलंय त्यात?" बाई शाळेत गेलेली नाही, पण अख्खा इतिहास दोन वाक्यात सांगून गेली. मागाची किंमत उतरली तेव्हा विटाळ उतरला. त्याच्या आधी नाही.

आणि किंमत मागावरून उतरून गेली कुठे? जमिनीत. मुंबईत ५८ गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ साली शासनाने विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आणला. गिरणीची जमीन विकायची किंवा तिच्यावर दुसरं काही बांधायचं, तर ढोबळमानाने तिचे तीन वाटे होतील. एक शहराला, मैदानं-बागांसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. आणि एक मालकाला. वाचायला बरं वाटतं. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटे पडतील ते फक्त मोकळ्या जमिनीचे. जिच्यावर शेड उभी आहे ती जमीन वाटणीत धरायची नाही.

हिशेब करून बघा. समजा १५ एकरांची गिरणी आहे आणि १२ एकरांवर शेड आहेत. आधीच्या नियमाने शहराला ५, घरांना ५, मालकाला ५. नव्या नियमाने वाटायला उरली ३ एकर. शहराला १, घरांना १, आणि मालकाला १ अधिक ती १२, म्हणजे १३. गिरणी म्हणजे शेडच असते, तिथे मोकळं मैदान कुठून येणार? एका शब्दाने, 'मोकळी' ह्या शब्दाने, गिरणगावची जमीन हातातून गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. घरांसाठी दीड लाखाच्या वर गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली. त्यानंतर कित्येकांना मुंबईबाहेर शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला गेला, आणि ९ जुलै २०२५ ला म्हातारी माणसं पुन्हा आझाद मैदानात येऊन उभी राहिली.

हे सगळ्या कामगारांचं नुकसान झालं. आपलं त्यात आणखी एक वेगळं झालं, ते कुणी मांडत नाही. १९७४ च्या कायद्याने सरकारने देशातल्या १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. मुंबईतल्या आणखी काही गिरण्या १९८३ पासून सरकारच्या ताब्यात आल्या. सरकारी कंपनी म्हणजे तिथे अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण आलं. ते कितपत पाळलं गेलं हा वेगळा भांडणाचा विषय, पण भांडायला कायदा हातात होता. २००५ साली महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या. एकूण सुमारे २,००० कोटींना. त्यातल्या ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन गिरण्यांच्या जागी आज काचेची ऑफिसं आहेत. जमीन सरकारी होती तेव्हा तिच्यावरच्या नोकरीत आपला हिस्सा होता. ती खाजगी झाली त्या दिवशी हिस्सा संपला. त्यासाठी संसदेत चर्चा झाली नाही, घटनादुरुस्ती झाली नाही. खरेदीखतावर सही झाली, बस्स. वर्तमानपत्रांनी जमिनीचा भाव छापला. आपल्या हिश्शाचा भाव कुणी छापला?

आता टॉवर. आत्याच्या गॅलरीतून मी पाहिलं ते सांगतो. आधी पत्र्याचं कुंपण आलं. मग खोल खड्डा, कारण गाड्या ठेवायला जमिनीखाली मजले लागतात. मग मधला काँक्रीटचा गाभा वर चढला. त्यातच लिफ्ट असतात, जिने असतात. त्याच्याभोवती एकेक स्लॅब. सळई बांधणारी पोरं बंगालची, बिहार-झारखंडची. त्यांच्या झोपड्या पत्र्याच्या, त्याच कुंपणाच्या आत. काच शेवटी येते. ती चौकटीत बसवून तयारच येते, आणि क्रेनने उचलून एकेक चौकट स्लॅबच्या कडेला अडकवतात. भिंत अशी नसतेच. अख्खी इमारत आतून उभी असते, काच नुसती तिच्या अंगावर टांगलेली. आणि जिथपर्यंत काच चढली, तिथपर्यंत आतली माणसं दिसेनाशी झाली. खालचे मजले झाकले गेले तेव्हा वरच्या मजल्यावर पोरं अजून उघड्या उन्हात होती.

शेजारच्या, आधीच उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये माझा आतेभाऊ कामाला आहे. तिथे खातं नाही. तिथे म्हणतात हाऊसकीपिंग. म्हणजे झाडू, पोछा, संडास. साहेब लोक यायच्या आधी, सकाळी सहाला तो आत जातो, मागच्या दाराने. लिफ्ट वेगळी, मालाची. पगार टॉवरचा मालक देत नाही. ऑफिस भाड्याने घेतलेली कंपनीही देत नाही. एक कंत्राटदार देतो. तो कंत्राटदार बदलतो, माणसं तीच राहतात, आणि दर खेपेला त्यांची नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू होते. मी विचारलं, तुझ्या पाळीत कोण कोण आहे रे? त्याने बोटांवर नावं घेतली. आपली, मातंग, मेहतर समाजातली, काही परप्रांतातून आलेली. जोशी-कुलकर्णी एकही नाही. तशी पाटी कुठे लावलेली नाही. नियम कुठे लिहिलेला नाही. जॉबरही दारावर उभा नाही. तरी सगळे बरोबर आपापल्या खात्यात पोचलेत!

मी एकदा त्याला डबा द्यायला गेलो. पुढच्या दाराशी वॉचमनने मला वरून खाली बघितलं आणि न विचारताच हाताने मागची बाजू दाखवली. तो वॉचमनही कंत्राटी होता, आणि बोलण्यावरून आपल्याच भागातला होता. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कोणी शिकवलं असेल की कोणता माणूस कोणत्या दाराचा, तो शिकवणारा मला भेटला नाही. आजच्या व्यवस्थेची हीच तर गोम आहे. शिकवणारा भेटतच नाही.

हेही खरं की आपली शिकलेली काही पोरं पुढच्या दाराने आत जातात, संगणकावर बसतात. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं त्याचं ते फळ आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्यातलाच एक मित्र मला म्हणाला, ऑफिसात मी आडनाव सहसा सांगत नाही. चौदा एप्रिलला सुट्टी टाकतो तेव्हा गावी लग्न आहे म्हणून सांगतो. म्हणजे धोट्याला तोंड लावायची बंदी उठली आणि तोंड उघडायची बंदी आली.

आता ते १९२८ चं ध्यानात ठेवलेलं काढा. गिरणीत अन्यायाला खातं होतं, दार होतं, भोंगा होता. तीन पाळ्यांची माणसं एकाच गेटातून बाहेर पडायची, म्हणून गेटावर सभा घेता यायची. टॉवरमध्ये झाडूवाला एका कंत्राटदाराचा, वॉचमन दुसऱ्याचा, कँटीनवाला तिसऱ्याचा, आणि काच पुसायला दोरावर लटकणारा चौथ्याचा. कुणी सहाला येतो, कुणी रात्री दहाला. मागणीचा कागद लिहायला बसलो तर वर नाव कुणाचं घालायचं? अन्याय तोच आहे, त्याचा पत्ता पुसलाय. माझ्या मते आपल्या पिढीपुढचं पहिलं काम हा पत्ता पुन्हा लिहून काढायचं आहे.

आपल्याला जमीन मिळवता येत नाही असं नाही. ६ डिसेंबर २०११ ला दादरच्या इंदू मिलमध्ये आपले कार्यकर्ते घुसले आणि ठाण मांडून बसले. त्याच्या पुढच्या वर्षी केंद्र सरकारने साडेबारा एकर जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी द्यायचं जाहीर केलं. २०१५ साली भूमिपूजन झालं. एका बंद गिरणीची जमीन बिल्डरकडे न जाता आपल्या लढ्याकडे आली, ही साधी गोष्ट नाही. पण तिथल्या पुतळ्याची उंची, चौथऱ्यासह साडेचारशे फूट, आपल्या सगळ्या पोरांना तोंडपाठ आहे. १९२८ ची मागणी किती जणांना पाठ आहे? ज्या माणसाने गिरणीतलं एक बंद दार उघडा म्हणून अख्खा संप अडवून धरला, त्याचा पुतळा आपण गिरणीच्या जमिनीवर उभा करतोय आणि शेजारच्या टॉवरची मागची दारं मोजत नाही. हे त्याला चाललं असतं का?

म्हणून नुसत्या घोषणा न देता दोन कामं करू.

एक. तुमच्या चाळीत, वस्तीत जे म्हातारे गिरणी कामगार उरलेत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कोणती गिरणी, कोणतं खातं, साचेखात्यात आपला पहिला माणूस कोण गेला, कधी गेला, त्याच्याशी बाकीचे कसे वागले, पाण्याचं भांडं वेगळं होतं का, हे विचारा. आयाबायांनाही विचारा, त्यांची खाती वेगळी होती. ही माणसं दर वर्षी कमी होतायत.

दोन. तुमच्या जवळच्या टॉवरचा हजेरीपट लिहून काढा. किती दारं, कोणत्या दाराने कोण जातं, कुणाची लिफ्ट कोणती, कंत्राटदार किती, पगार कोण देतं, पगारचिठ्ठी मिळते का, जेवायला बसायला जागा आहे का. आणि ही जमीन आधी कुणाची होती, सरकारी होती का, ते शोधा. माणसांची नावं लिहू नका, त्यांची नोकरी जाईल. कामं लिहा आणि दारं लिहा.

हे जमलं तर खाजगी नोकरीत आरक्षण मागताना आपल्या हातात नुसतं भाषण नसेल, हिशेब असेल. मी आतेभावाच्या टॉवरपासून सुरुवात केलीय. चार दारं सापडली, तीन मागची. जे लिहाल ते अंकाच्या पत्त्यावर पाठवा, फाटक्या कागदावर पाठवलं तरी चालेल. पुढच्या अंकात एकत्र छापू.

जयभीम.